बारा जूनचा कौल

12 जून 1993, शनिवार. नायजेरियाच्या शहरांत आणि खेड्यापाड्यांत सकाळपासून मतदान केंद्रांवर माणसे जमू लागली. आधी यादीत नाव तपासून घ्यायचे, मग रांगेत उभे राहायचे. मतपत्रिका हाती आली की आडोशाला जाऊन घोडा किंवा गरुड यांपैकी एका चिन्हापुढे अंगठा उमटवायचा आणि सर्वांदेखत ती पेटीत टाकायची. मतदान संपल्यावर पेटी तिथेच उघडली गेली, मते मोजली गेली आणि केंद्राचा आकडा तिथेच जाहीर झाला. निकाल ऐकायला थांबलेला प्रत्येक जण आपल्या केंद्रावर कोण जिंकले हे पक्के जाणून घरी गेला.

या साध्या व्यवस्थेला पुढे फार मोठे महत्त्व आले. लष्करी सरकारने ही निवडणूक रद्द केली. जिंकलेल्या उमेदवाराला कैदेत टाकले. त्याच्या पत्नीची हत्या झाली आणि तो स्वतः कैदेतच मरण पावला. तरीही ‘जून ट्वेल्व्ह’ हा विषय नायजेरियात कधी मिटला नाही, कारण तो निकाल सामान्य माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्या निकालाच्या साक्षीदारांची ही हकिगत आहे.

1 ऑक्टोबर 1960 रोजी नायजेरिया ब्रिटिशांच्या ताब्यातून मुक्त झाला, तेव्हा त्याचे तीन प्रांत होते. उत्तरेत हाउसा-फुलानी समाजाचे आणि इस्लामचे वर्चस्व होते. पूर्वेत बहुतांशी ख्रिस्ती असलेले इग्बो. पश्चिमेत योरुबा, ज्यांच्यात एकाच कुटुंबात मुस्लिम आणि ख्रिस्ती सुखाने नांदतात. यांखेरीज अडीचशेहून अधिक लहानमोठे समाज. पक्षही प्रांतवार बांधलेले होते, त्यामुळे मत म्हणजे आपल्या समाजाच्या पारड्यात टाकलेले वजन, असेच समीकरण तयार झाले. जानेवारी 1966 मध्ये पहिले लष्करी बंड झाले आणि पंतप्रधान अबुबकर तफावा बालेवा मारले गेले. सहा महिन्यांत प्रतिबंड झाले. उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या. 1967 मध्ये पूर्व भागाने बियाफ्रा नावाचे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले आणि अडीच वर्षांचे यादवी युद्ध पेटले. जानेवारी 1970 मध्ये ते संपले, तोवर गोळ्यांपेक्षा भुकेने जास्त माणसे गेली होती.

त्यानंतर सत्ता बहुतेक काळ सैन्याकडेच राहिली. 1975, 1983 आणि 1985 साली बंडे होऊन सरकारे बदलली. 1976 च्या फसलेल्या बंडात सत्ताधारी जनरल मुर्तला मुहम्मद यांचा बळी गेला. 1960 ते 1993 या तेहतीस वर्षांत लोकनियुक्त सरकार मिळाले ते जेमतेम साडेनऊ वर्षे. बंड झाले की रेडिओवर लष्करी संगीत वाजे आणि नवा अधिकारी भाषण करी: राजकारणी भ्रष्ट आहेत, देश फुटण्याच्या मार्गावर आहे, म्हणून आम्हाला यावे लागले. या भाषणांच्या मुळाशी एक गृहीतक होते. सामान्य नायजेरियन माणूस जात आणि धर्म यांपलीकडे पाहू शकत नाही, त्याच्या हाती मोकळेपणाने मत दिले तर देश उरणार नाही, असे ते गृहीतक. 12 जूनने नेमकी हीच परीक्षा घेतली.

ती परीक्षा मांडली जनरल इब्राहिम बाबांगिडा यांनी. ऑगस्ट 1985 मध्ये ते सत्तेवर आले. तेलाचे भाव कोसळलेले होते आणि देश कर्जात बुडाला होता. 1986 मध्ये त्यांनी आर्थिक पुनर्रचनेचा कार्यक्रम आणला आणि नायराचे मूल्य बाजारावर सोडले. 1985 मध्ये एका नायराला एका डॉलरपेक्षा थोडे जास्तच मिळत होते. 1993 मध्ये एका डॉलरला अधिकृत दरानेही वीसहून अधिक नायरा मोजावे लागत होते. शिक्षकाचा, कारकुनाचा, परिचारिकेचा पगार तोच राहिला आणि त्यातून येणारे धान्य आटत गेले. डॉक्टर आणि प्राध्यापक परदेशाची वाट धरू लागले.

लोकशाहीकडे परतण्याचे वेळापत्रक बाबांगिडांनी आधी 1990 चे दिले, मग 1992 चे, मग जानेवारी 1993 चे आणि शेवटी 27 ऑगस्ट 1993 चे. दर वेळी वाट अडली की नियम बदलत. 1989 मध्ये नोंदणीसाठी आलेल्या सगळ्या राजकीय संघटना त्यांनी नाकारल्या आणि सरकारनेच दोन पक्ष स्थापन केले. सोशल डेमोक्रॅटिक पार्टी थोडी डावीकडची, नॅशनल रिपब्लिकन कन्व्हेन्शन थोडी उजवीकडची. पहिल्याचे चिन्ह घोडा, दुसऱ्याचे गरुड. 1992 मध्ये पक्षांतर्गत निवडणुका झाल्या, त्याही रद्द झाल्या आणि तेवीस इच्छुकांवर बंदी आली. प्रत्येक वेळी हुलकावणी देऊन पुढे जाणाऱ्या या जनरलला लोकांनी फुटबॉलमधले नाव दिले: माराडोना.

तरीही लोकांनी या प्रक्रियेकडे पाठ फिरवली नाही. लागोसच्या वर्तमानपत्र विक्रेत्यांपुढे सकाळी जमणारी गर्दी याची साक्ष देते. अंक विकत घेणे परवडत नसलेली माणसे मांडलेले मथळे उभ्याउभ्या वाचतात आणि तिथेच देशाच्या कारभारावर वाद घालतात. या जमावाला नायजेरियन लोक ‘फ्री रीडर्स असोसिएशन’ म्हणतात. मेकॅनिक, बेकार पदवीधर, पेन्शनीत निघालेले कारकून, बसचे वाहक, सगळे त्याचे सभासद. त्या वर्षी तिथे एकच विषय होता: सैन्य खरेच जाणार का?

शेवटी दोन उमेदवार उरले. घोड्याच्या पक्षाकडून मोशूद अबिओला, अबेओकुटाचे योरुबा मुस्लिम. गरिबीत वाढलेला हा मुलगा ग्लासगोला हिशेबशास्त्र शिकला, एका बहुराष्ट्रीय दूरसंचार कंपनीत वर चढला, अफाट श्रीमंत झाला आणि ‘कॉन्कॉर्ड’ वृत्तपत्राचा मालक बनला. लष्करी वर्तुळात त्यांची जवळीक होती, बाबांगिडांशी मैत्री होती, आणि त्यांच्या संपत्तीबद्दल टीकाही झाली होती. दुसरीकडे शाळा, मशिदी, चर्च, खेळाचे संघ यांना त्यांनी सढळ हाताने दिलेले पैसे देशभर लोकांच्या लक्षात होते. गरुडाच्या पक्षाकडून उत्तरेतल्या कानोचे उद्योजक बशीर टोफा उभे होते आणि त्यांचे जोडीदार इग्बो नेते सिल्व्हेस्टर उगो होते. अबिओलांनी जोडीदार निवडला तो बोर्नोचा बाबागाना किंगिबे. म्हणजे अध्यक्ष मुस्लिम आणि उपाध्यक्षही मुस्लिम. अर्ध्या ख्रिस्ती देशात हे चालणार नाही, असे जाणकार सांगत होते.

मतदानाच्या दोनच दिवस आधी, 10 जूनच्या रात्री, अबुजाच्या एका न्यायालयाने निवडणूक थांबवण्याचा आदेश दिला. ‘असोसिएशन फॉर अ बेटर नायजेरिया’ नावाच्या गटाने अर्ज केला होता आणि सैन्याने आणखी काही वर्षे राज्य करावे अशी या गटाची जाहीर मागणी होती. निवडणूक आयोगाचे अध्यक्ष होते प्राध्यापक हम्फ्रे न्वोसू, राज्यशास्त्राचे शिक्षक. निवडणुकीच्या कायद्याने न्यायालयांना असा हस्तक्षेप करता येत नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी मतदान ठरल्या दिवशीच घेतले.

दिवस शांततेत गेला. निरीक्षकांनी आणि पत्रकारांनी या निवडणुकीला देशातली सर्वांत स्वच्छ निवडणूक म्हटले. 14 जूनला आयोगाने चौदा राज्यांचे निकाल फलकावर लावले आणि बहुतेकांत अबिओला पुढे होते. मग दुसरा न्यायालयीन आदेश आला आणि फलक थांबला. पण तोवर केंद्राकेंद्रावरचे आकडे बेरजेत आले होते. लोकशाहीवादी संघटनांनी पूर्ण निकाल स्वतःच जाहीर केले. अबिओलांना सुमारे 83 लाख मते, म्हणजे 58 टक्के. टोफांना सुमारे 59 लाख. तीसपैकी एकोणीस राज्ये अबिओलांच्या बाजूला होती.

या आकड्यांच्या पोटात खरा इतिहास आहे. लागोस आणि योरुबा प्रदेशाने अबिओलांना भरभरून मते दिली, हे अपेक्षितच होते. पण टोफांच्या कानो राज्यानेही योरुबा माणसाला बहुमत दिले. उत्तरेतल्या कादुना, जिगावा, बोर्नो, योबे या राज्यांनी दिले. ख्रिस्ती बहुसंख्येच्या बेनुए आणि प्लॅटोने दोन मुस्लिमांच्या जोडीला निवडले. पूर्वेतल्या बहुतेक इग्बो राज्यांत टोफा पुढे राहिले, तरी अनाम्ब्रात अबिओला जिंकले. ज्या मतदाराला केवळ आपल्या जातीचेच कळते असे तेहतीस वर्षे सांगितले गेले, त्याने उमेदवार तोलला आणि निवडला. महागाई, बेकारी आणि सैन्याचा कंटाळा या तीन गोष्टी कानोच्या बाजारात आणि लागोसच्या बसमध्ये सारख्याच जाणवत होत्या. त्या अनुभवाने लोक एका रांगेत आले.

23 जूनला लष्करी सरकारमधल्या उपाध्यक्षांच्या माध्यम सचिवांमार्फत एक निवेदन निघाले. त्यावर सही नव्हती. निवडणूक रद्द झाली होती आणि न्यायालयीन आदेशांमधल्या गोंधळाचे कारण पुढे केले होते. तीन दिवसांनी बाबांगिडांनी स्वतः भाषण करून निर्णयाचे समर्थन केले.

5 जुलैपासून ‘कॅम्पेन फॉर डेमोक्रसी’ या संघटनेने निषेधाची हाक दिली. तिचे नेते डॉ. बेको रान्सम-कुटी, प्रसिद्ध गायक फेला यांचे भाऊ. लागोसचे रस्ते अडवले गेले, टायर पेटले, पिवळ्या बस बंद राहिल्या. सुरुवातीला मोर्चे शिस्तीत होते. नंतर लुटालूट शिरली आणि सैन्य उतरले. मानवी हक्क संघटनांच्या नोंदीप्रमाणे शंभरावर माणसे गोळ्यांना बळी पडली. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्याही स्मारकावर नाहीत. सरकारने वृत्तपत्रांना टाळे ठोकले, त्यांत अबिओलांचे ‘कॉन्कॉर्ड’ही होते. ‘टेल’ आणि ‘द न्यूज’ या साप्ताहिकांच्या संपादकांनी लपत-छपत, जागा बदलत अंक छापले. पोलीस ते जप्त करत आणि विक्रेते ते इतर मासिकांखाली दडवून विकत.

या काळात एक दुखरी गोष्टही घडली आणि ती लपवून चालणार नाही. देश पुन्हा युद्धाकडे जातो आहे या भीतीने लागोस आणि इतर शहरांतले हजारो इग्बो बायकामुलांसह बसमध्ये बसून पूर्वेकडे निघाले. 1966 ची आठवण जिवंत होती. घाईच्या त्या प्रवासात रस्त्यांवरच्या अपघातांत अनेक जण गेले. 12 जूनला लोकांनी एकमेकांवर विश्वास टाकला होता. निकाल रद्द झाल्याने तो विश्वास पहिल्यांदा तुटला तो याच कुटुंबांच्या मनात. ‘देश फुटेल’ म्हणून निवडणूक रद्द करणाऱ्यांच्या त्या निर्णयानेच देश फुटण्याच्या काठावर आला.

नेत्यांची परीक्षाही याच आठवड्यांत झाली. जुलैमध्येच दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी, जिंकलेल्या पक्षाच्या पुढाऱ्यांसकट, अंतरिम सरकारला मान्यता दिली. अबिओला ऑगस्टच्या सुरुवातीला पाठिंबा मिळवायला परदेशी गेले. मैदानात राहिले ते दुकाने बंद ठेवणारे आणि कामावर न जाणारे नागरिक. ऑगस्टमध्ये लागोस दोनदा ओस पडले. 26 ऑगस्टला बाबांगिडांनी पद सोडले आणि उद्योजक अर्नेस्ट शोनेकन यांना अंतरिम सरकारचे प्रमुख केले. संरक्षण खाते जनरल सानी अबाचा यांच्या हाती राहिले.

नोव्हेंबरमध्ये पेट्रोलचा दर लिटरला 70 कोबोवरून एकदम 5 नायरा झाला. त्याच आठवड्यात लागोसच्या न्यायालयात न्यायमूर्ती दोलापो अकिनसान्या यांनी अंतरिम सरकार बेकायदेशीर ठरवले. निर्भय निकाल होता, पण त्याचा फायदा सैन्याने उचलला. 17 नोव्हेंबर 1993 रोजी अबाचांनी सत्ता घेतली. त्यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्र खाते स्वीकारले ते बाबागाना किंगिबे यांनी, अबिओलांच्या जोडीने निवडून आलेल्या उपाध्यक्षांनी.

11 जून 1994 रोजी लागोस बेटावरच्या एपेतेदो भागात अबिओलांनी स्वतःला अध्यक्ष घोषित केले. 23 जूनला त्यांना अटक झाली आणि राजद्रोहाचा खटला भरला गेला. जुलैच्या सुरुवातीला तेल कामगारांच्या संघटनेने संप पुकारला. तिचे सरचिटणीस होते फ्रँक कोकोरी. देशाची जवळजवळ सगळी परकीय कमाई तेलातून येत होती आणि ते तेल काढणारे, वाहणारे हात थांबले. पेट्रोल पंपांपुढे दिवसच्या दिवस रांगा लागल्या, लोक मैलोन्‌मैल पायी कामावर गेले. या हालअपेष्टांतही संपाला साथ मिळत राहिली, हे विशेष. सुमारे दोन महिन्यांनी सरकारने संघटनेची कार्यकारिणी बरखास्त करून आणि कोकोरींना कैदेत टाकून संप मोडला. कोकोरी 1998 पर्यंत तुरुंगात राहिले.

त्यानंतरची चार वर्षे नायजेरियाच्या आधुनिक इतिहासातली सर्वांत काळी. नोबेलविजेते लेखक वोले सोयिंका सीमा ओलांडून निसटले. नोव्हेंबर 1995 मध्ये लेखक केन सारो-विवा आणि त्यांचे आठ ओगोनी सहकारी फासावर गेले. त्यांनी तेल कंपन्यांनी नासवलेल्या आपल्या जमिनीसाठी आवाज उठवला होता. 4 जून 1996 रोजी अबिओलांच्या पत्नी कुदिरात यांना लागोसमध्ये भर रस्त्यात मोटारीत गोळ्या घातल्या गेल्या. नवरा कैदेत असताना चळवळ उभी ठेवणारी ही बाई होती. बाजारातल्या बायका, तेल कामगार, विद्यार्थी तिच्याकडे येत असत. कार्यकर्त्यांनी परदेशातून चालवलेल्या गुप्त रेडिओला पुढे तिचेच नाव दिले आणि लोक तो दारे लावून ऐकत.

1998 च्या वसंतात सरकारमान्य पाचही पक्षांनी अध्यक्षपदासाठी एकच नाव सुचवले, अबाचा. 8 जून 1998 रोजी अबाचा अचानक मरण पावले. अबिओलांच्या सुटकेची चर्चा सुरू झाली. पण 7 जुलैला, अमेरिकी शिष्टमंडळाशी बोलत असतानाच त्यांची प्रकृती बिघडली आणि त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. परदेशी तज्ज्ञांच्या उपस्थितीत झालेल्या तपासणीत हृदयविकाराचे कारण निघाले, पण अनेक नायजेरियनांचा त्यावर आजही विश्वास बसलेला नाही. आपला कौल सोडून दिला तर सुटका, ही अट त्यांनी चार वर्षे नाकारली होती. निवडणुकीपूर्वीच्या अबिओलांबद्दल मतभेद असतील, या चार वर्षांबद्दल नसावेत.

29 मे 1999 रोजी ओलुसेगुन ओबासांजो अध्यक्ष झाले आणि सैन्य बराकीत परतले. लोकशाही दिन म्हणून सरकारने हीच तारीख ठरवली. नैर्ऋत्येतल्या राज्यांनी मात्र 12 जूनलाच सुट्टी पाळणे सुरू ठेवले. 2018 मध्ये अध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी अबिओलांना मरणोत्तर सर्वोच्च सन्मान दिला आणि 2019 पासून 12 जून हा देशाचा अधिकृत लोकशाही दिन झाला. 1983 मध्ये लोकनियुक्त सरकार उलथवणाऱ्या बंडानंतर सत्तेवर बसलेल्या माणसाने हे करावे, इतका त्या तारखेचा दाब होता. फेब्रुवारी 2025 मध्ये बाबांगिडांनी आपल्या आत्मचरित्रात मान्य केले की निवडणूक अबिओलांनीच जिंकली होती. कानोच्या आणि लागोसच्या मतदाराला हे 12 जूनच्या संध्याकाळीच समजले होते.

पण ही हकिगत विजयावर संपवता येत नाही. 2015 मध्ये लोकांनी पहिल्यांदा सत्तेवर असलेल्या अध्यक्षाला मतपेटीतून घालवले, आणि केंद्रांवर मोजणी संपेपर्यंत थांबलेल्या नागरिकांचा त्यात मोठा वाटा होता. मग 2023 आले. 9 कोटी 30 लाखांहून अधिक मतदारांची नोंद होती आणि मत दिले ते त्यांच्यातल्या सुमारे 27 टक्क्यांनी. प्रत्येक केंद्राचे निकालपत्रक लगेच संकेतस्थळावर दिसेल, असे आयोगाने वचन दिले होते. अध्यक्षपदाच्या निकालांच्या बाबतीत ते वेळेवर पाळले गेले नाही आणि तांत्रिक बिघाडाचे कारण दिले गेले. विजयी झाले बोला टिनुबू, 1993 मध्ये अबिओलांच्याच पक्षाचे सिनेटर आणि नंतर अबाचांच्या काळात परागंदा झालेले कार्यकर्ते. त्यांचा जोडीदारही बोर्नोचाच, मुस्लिमच. त्यांना मिळाली सुमारे 88 लाख मते. नोंदलेले मतदार जवळपास 4 कोटी असताना अबिओलांना 83 लाख मिळाली होती. मतदार यादी दुपटीहून मोठी झाली आणि विजेत्याच्या मागे उभे राहणारे मतदार जवळपास तितकेच राहिले.

या घसरणीला मी लोकांचा आळस म्हणणार नाही. भर पावसाळ्यात रांगेत उभे राहून, एकमेकांच्या धर्माकडे न पाहता, शांतपणे निवड करणारे हेच लोक होते. त्यांनी काम चोख केले. त्यांचे मत कागदाच्या एका तुकड्याने पुसले गेले, त्यांच्या पुढाऱ्यांनी ते मंत्रिपदांच्या बदल्यात सोडले आणि तीन दशकांत त्यासाठी कोणाला शिक्षा झाली नाही. असे झाल्यावर पुढच्या पिढीने मतदान केंद्राकडे जायला कचरावे, यात नवल काय?

नायजेरियाच्या फुटीरपणाची कारणे सामान्य नागरिकाच्या मनात शोधणाऱ्यांनी 12 जून 1993 चे आकडे राज्यवार वाचावेत. तिथे त्यांना एकत्र राहू इच्छिणारा देश सापडेल. आणि मत देणाऱ्या आपल्या सर्वांसाठी त्यात एक सरळ काम आहे. मत देऊन परतू नका. मोजणी कशी होते, आकडा कुठे लिहिला जातो आणि तो वर जाताना बदलत तर नाही, हे विचारत राहा. नागरिकाने पाहिलेला आकडा सत्तेला दडपता येतो, तुरुंगात टाकता येतो, पण तो खोटा ठरवता येत नाही.